मराठवाड्याच्या उन्हात ऑक्टाव्हियाचा इंटरकूलर

इंटरकूलर म्हणजे टर्बोतून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून) आलेली तापलेली हवा गार करणारा, रेडिएटरसारखा भाग. जेवढा मोठा इंटरकूलर तेवढा चांगला, असं व्हिडिओ बघून बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसतं. पण ते व्हिडिओ थंड मुलखातले. मे महिन्यात भर दुपारी गेवराईजवळ ट्रकच्या मागं एसी लावून रांगायचं असेल, तर हिशोब वेगळा होतो.

माझी गाडी जुनी ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय (टर्बो डिझेल), १८९६ सीसी, ९० पीएस ताकदीची. स्कोडानं २००१ मध्ये आपल्या शेंद्र्यात कारखाना सुरू केला तो याच मॉडेलनं, म्हणून संभाजीनगरात या गाडीवर अजून जीव आहे. कंपनीचा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढं असतो. आकारानं वहीएवढा. तो काढून मी दुसरा बसवला.

टर्बोनं हवा दाबली की ती तापते. बाहेर ४२ अंश असताना एक बारचा बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, धरला, तर टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या वर सहज जाते. तापलेली हवा विरळ. ऑक्सिजन कमी, ओढ कमी. म्हणून इंटरकूलर हवाच. पण भलीमोठी कोअर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) रेडिएटरसमोर टांगली, की तिच्यातून निघालेली गरम हवा आधी एसीच्या कंडेन्सरवर आणि मग रेडिएटरवर जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे परवडत नाही. मी कोअर बंपरच्या आतल्या आडव्या बीमच्या खाली, खालच्या जाळीमागं घेतली. रुंद पण ठेंगणी. वरचा रेडिएटर मोकळा राहिला. फिन्सही (कोअरमधल्या पातळ पट्ट्या) फार दाट घेतल्या नाहीत. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर जो भुसा उडतो, त्यानं दाट फिन्स बुजतात.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो हवा कोअरकडे वळवणाऱ्या पत्र्याला, आणि खरं काम तिथंच आहे. बाजूनं निसटायला फट मिळाली, की हवा कोअरमधून जात नाही. आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापला, बसवून बघितला, मग एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून रिव्हेट मारले आणि कडेनं फोमची पट्टी लावली. मग कोअरच्या चारी बाजूंना लोकरीचे बारीक दोरे चिकटवून समोरून ब्लोअर सोडला. जिथले दोरे आत ओढले गेले तिथं ठीक. जिथले बाजूला फडफडले तिथं फट होती, तिथं पुन्हा फोम.

टर्बो, इंटरकूलर आणि इंजिन जोडणारे पाइप चिकलठाण्यातल्या आर्गन वेल्डिंगवाल्या चाचांकडून करून घेतले. "बेटा, आधी जुनं तेल काढ. तेलावर टाका धरत नाही," एवढंच म्हणाले. ॲसिटोननं पुसा, स्टेनलेसच्या ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या. वेल्डिंगआधी ब्रेक क्लीनर मात्र अजिबात वापरू नका. त्यात क्लोरीन असेल, तर आर्कखाली जीवघेणा वायू तयार होतो.

पाइपांच्या टोकांना उभार गोल कड हवीच, नाहीतर दाबानं होज (पाइप जोडणारी लवचिक नळी) सटकतो. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून दोन पाइपांच्या मधे होजमध्ये थोडं अंतर ठेवा. टीडीआयच्या पाइपात क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या भागातलं) तेल थोडंफार येतंच आणि साधा सिलिकॉन त्यानं मऊ पडतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला होज महाग पडतो, तरी तोच घ्या.

गाडीवर चढवण्याआधी गळती तपासायला एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाच्या बुचात ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह. रेग्युलेटर लावून एक बारच हवा भरली आणि साबणाचं पाणी फवारलं. बुचं क्लॅम्पनं घट्ट आवळा आणि भरताना समोर उभं राहू नका. एका जोडावर बुडबुडे आले, तो जोड चाचांनी लगेच पुन्हा मारून दिला.

चाचणी कन्नडच्या घाटात, चाळीसगावकडून वर येताना, तिसऱ्या गियरमध्ये, एसी चालू ठेवून. याच चढावर इंटेकचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, तापमान आधी नव्वदीपार जायचं, आता साठीच्या आसपास राहिलं. कूलंटचा काटा नव्वदवरून हलला नाही, आणि मला जास्त समाधान त्याचंच आहे.

दगडांपासून वाचवायला खालून जाळी लावायची बाकी आहे. भोकं अर्ध्या इंचाची ठेवावीत असा विचार आहे. त्याहून बारीक केली तर भुश्यानं तीच आधी बुजेल.