धुऱ्यावरची बोर

आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक बोर आहे. गावरान, कमरेएवढी, पानांपेक्षा काटेच जास्त. दर उन्हाळ्यात बाबा धुरा पेटवतात आणि दर उन्हाळ्यात ती वाचते, कारण तिच्या बुडातला कचरा ओढायला गेलं की धोतर फाटतं. तेव्हा ती दयेवर नाही, आमच्या आळसावर जगलेली आहे.

यंदा मात्र वाळवंटातल्या झुडपांविषयी वाचलं आणि नजर बदलली. तिकडे उघडी वाळू भर दुपारी 60 अंशांच्या वर तापते. झुडपाखाली तेवढी सावली असते, वाऱ्यानं आलेली धूळ अडते, पाला साचून कुजतो. अशा जागेला शास्त्रज्ञ सुपीकतेचं बेट म्हणतात. राजस्थानातल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. तो शेतात खेजडी राखतो आणि तिच्याखाली बाजरी घेतो. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमीच.

या पाल्यात राहणारे बहुतेक जण डोळ्यांना दिसतही नाहीत. सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत, तर अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून, वेटोळं करून पडून राहतात, आणि ओल लागली की पुन्हा वळवळतात. अमेरिकेतल्या चिवावा वाळवंटात झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत 1981 मध्ये छापून आला. गाडलेल्या पाल्यातून बारीक कोळी, म्हणजे माईट, औषधानं काढून टाकले. झालं काय, तर ते कोळी ज्यांना खायचे त्या सूत्रकृमींची संख्या बेसुमार वाढली, त्यांनी पाला कुजवणारे जिवाणू फस्त केले आणि पाला कुजणंच मंदावलं. खाणारा गेला म्हणून काम थांबलं! आमच्या ग्रामपंचायतीवर हे लागू करायचा मोह मी आवरतो.

मे महिन्यात एक घमेलं बोरीखालून आणि एक उघड्या वावरातून भरलं. वावरात भेगा अशा पडलेल्या, की खडा टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही. बाबा बांधावरून बघत होते.

"काहून रे, काय शोधून राह्यला? गुप्तधन हाय का तिथं?"

मी शोधत होतो मातीतले बारीक जीव. ते बाहेर काढायची युक्ती जुनी आहे. 1905 मध्ये इटलीच्या बर्लेसे या कीटकशास्त्रज्ञानं नरसाळ्याभोवती गरम पाणी ठेवून मातीतले जीव खाली पळवले. पुढे स्वीडनच्या टुलग्रेननं पाण्याऐवजी दिवा लावला. मी बाटली कापून नरसाळं केलं, वर चाळणी ठेवली. एलईडी तापत नाही, म्हणून कोंबडीच्या पिलांच्या खोक्यातला पिवळा बल्ब आणला. त्यावरून आईशी जे झालं ते इथं नको. खाली ग्लासात खरं तर अल्कोहोल ठेवतात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून पाणी. (मिळत नाही असं नाही, पण गावभर कारण सांगत कोण फिरेल?)

त्या रात्री लाइट तीनदा गेली. सकाळी वावराच्या मातीच्या ग्लासात नुसती धूळ होती. बोरीच्या ग्लासात भिंगाखाली चार-पाच तपकिरी ठिपके दिसले, टणक पाठीचे, तिळाहून कितीतरी बारीक. एकाचे पाय हलत होते. एका घमेल्यावरून शास्त्र होत नाही हे मला कळतं, पण मी ते ठिपके घरातल्या सगळ्यांना दाखवले. आईनं भिंग उलटं धरून पाहिलं आणि "हो, हो" म्हणाली.

मिरगाचा पहिला पाऊस झाला आणि मी पुन्हा माती आणली. या वेळी ग्लासातल्या पाण्यावर पांढुरके जीव तरंगत होते, स्प्रिंगटेल म्हणतात ते. त्यांच्या अंगाला पाणी चिकटत नाही. पोटाखाली दुमडलेली शेपटी सोडली की टुणकन उडी. आणि बोरीजवळ मखमली लाल मृगाचे किडे निघाले होते. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवायचो, पण पाय कधी मोजले नव्हते. आठ आहेत. म्हणजे हा किडा नव्हेच, कोळ्यांच्या गोतातला माईट, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढणारा.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, भाकरीवर ठेचा घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर गेलो तर बोरीच्या बुडाशी हा एवढा खड्डा! माती वांग्याच्या वाफ्यात पोचली होती.

"तूच त सांगे ना," बाबा म्हणाले, "चांगली हाये म्हणून."