दोन मिलिज्यूलचा लेझर, पंधरा मायक्रॉनचा थेंब

एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हवेत, तर लेझरची तीव्रता प्रति चौरस सेंटीमीटर १०^१८ वॉटच्या पुढे न्यायची, हा नेहमीचा हिशेब. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हैदराबादच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ते ४ × १०^१६ वरच जमलं. पल्समागे २ मिलिज्यूल, सेकंदाला हजार पल्स आणि समोर मिथेनॉलचा १५ मायक्रॉनचा थेंब. या तीव्रतेला पॉन्डरमोटिव्ह ऊर्जा, म्हणजे लेझरच्या क्षेत्रात हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची सरासरी ऊर्जा, जेमतेम अडीच केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) भरते. मग बाकीची येते कुठून?

प्रीपल्समुळे, म्हणजे मुख्य पल्सच्या आधी येणाऱ्या क्षीण पल्समुळे. एरवी ती मारायला लोक जिवाचं रान करतात; इथे ती मुद्दाम, मुख्य पल्सच्या काही नॅनोसेकंद आधी सोडतात. थेंबाची समोरची बाजू खचून खोलगट होते, पुढे विरळ प्लाझ्मा (सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांचा वायू) पसरतो. त्याची घनता जिथे क्रांतिक घनतेच्या (जिच्यापुढे लेझरचा प्रकाश आत शिरत नाही) चौथाईला येते, तिथे प्रकाशलहर अर्ध्या वारंवारितेच्या दोन प्लाझ्मा लहरींत फुटते आणि त्या इलेक्ट्रॉनांना ढकलतात. ८०० नॅनोमीटरच्या लेझरला याची खूण म्हणजे वर्णपटात ५३३च्या आसपासचा हिरवा उजेड. तो दिसत नसेल तर डिटेक्टर उघडत बसू नका, आधी प्रीपल्सचा डिले, म्हणजे दोन पल्समधलं अंतर, हलवा. एका नॅनोसेकंदाच्या डिलेला प्रकाशाचा ३० सेंटीमीटर जादा मार्ग लागतो, तेव्हा टेबलावर आरशांना जागा राखून ठेवा.

खरी कटकट थेंबांची. नोझलमधून ८ मायक्रॉनची धार, वेग सेकंदाला ३५ मीटर, धारेला हादरे देऊन थेंब तोडणाऱ्या पिएझोचा (विजेवर थरथरणाऱ्या स्फटिकाचा) ठोका साधारण १ मेगाहर्ट्झ: थेंब धारेच्या १.९ पट जाडीचे पडतात. मिथेनॉल मिनिटाला ०.१ मिलिलीटर लागतं. हजारातला एकच थेंब लेझरला मिळतो, बाकीचे खाली ते झेलणाऱ्या कॅचरमध्ये. १०० नॅनोसेकंदांचा उशीर झाला की थेंब साडेतीन मायक्रॉन सरकलेला असतो, म्हणून पिएझोचा ठोका लेझरच्याच क्लॉकवरून काढायचा. ठोक्यासाठी वेगळा फंक्शन जनरेटर लावला तर लेझरच्या ठोक्यावर लुकलुकणाऱ्या स्ट्रोबच्या उजेडात थेंबांची माळ हळूहळू सरकताना दिसते. ती ठप्प उभी दिसली पाहिजे.

नोझल तुंबतंच. शेवटचा अर्ध्या मायक्रॉनचा फिल्टर नोझलला अगदी खेटून बसवा. कचरा बाटलीतून कमी, फिटिंगच्या आट्यांतून जास्त येतो. मिथेनॉलऐवजी पाणी वापरलं तर चेंबरच्या निर्वातात ते गोठतं आणि कॅचरवरून बर्फाचा सुळका वर चढत येतो. मिथेनॉल उणे ९८ अंशांपर्यंत गोठत नाही, पण वाफ भरपूर. ती द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये अडवली नाही तर पंपाच्या तेलात उतरते. एक्झॉस्ट इमारतीबाहेरच काढा. वाफ ज्वालाग्राही आहे आणि विषारीही.

आणि लेझर छोटा म्हणून शिशाचं कवच टाळू नका. एमईव्ही इलेक्ट्रॉन चेंबरच्या भिंतीवर आदळले की क्ष-किरण निघणारच, आणि इथे ते सेकंदाला हजार वेळा.