जुना दणकट ट्रायपॉड शोधताना: माझा अनुभव

आधी कॅमेऱ्याबद्दल सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. माझ्याकडे मामिया आरबी६७ आहे, १२० च्या फिल्मवर ६×७ सेंटीमीटरची निगेटिव्ह देणारा, एका रोलमधे फक्त १० फोटो. ९० मिमीची लेन्स, फिल्म बॅक (फिल्म बसते तो मागचा डबा) आणि वरून बघायचा फाइंडर धरून पावणेतीन किलोच्या आसपास वजन भरतं, लांब लेन्स लावली की तीनच्या वर जातं. धूड आहे नुसतं. आणि त्यात आतला आरसा एवढा मोठा की फोटो काढताना तो वर जातो तेव्हा ठक्क असा आवाज येतो आणि हातात धरला असेल तर तो धक्का मनगटापर्यंत जाणवतो.

तर हे धूड मी सुरुवातीला माझ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर ठेवत होतो. त्याच्यावर लिहिलं होतं ८ किलो पेलतो. म्हटलं माझा कॅमेरा तर तीनही नाही, अर्ध्याहून कमी, टेन्शन नाही. पहिला रोल धुऊन आला, लूप (निगेटिव्ह बघायचं छोटं भिंग) लावून बघितलं तर १० पैकी ६ मधे कडा दुहेरी. फोकस चुकला असेल म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या, दुसऱ्या रोलला भिंग लावून दहादा फोकस तपासला, तरी तेच. मग वहीत लिहिलेले शटर स्पीड बघितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १/१२५ सेकंदवाले ठीक होते, ४-४ सेकंदांचे पण बऱ्यापैकी ठीक, सगळी बोंब १/१५ ते १/२ च्या मधे. म्हणजे आरशाचा धक्का. लांब एक्स्पोजरमधे थरथर सुरुवातीलाच संपते आणि उरलेला सगळा वेळ कॅमेरा शांत असतो, पण १/८ मधे पूर्ण एक्स्पोजरच थरथरण्यात जातं. तो ८ किलोचा आकडा म्हणजे काय तर एवढं वजन ठेवलं तर मोडणार नाही किंवा खाली सरकणार नाही, हलणार नाही असं कुणी कुठे म्हटलंय! शिवाय हा आकडा ज्याची त्याची कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

नवीन दणकट घ्यायचा तर बजेटच्या बाहेर होतं, म्हणून जुना शोधायचं ठरवलं. आणि खरं सांगू का, ट्रायपॉड ही जुनी घ्यायला एकदम चांगली वस्तू आहे, त्यात ना सर्किट ना सेन्सर, नळ्या आणि स्क्रू, जे बिघडलंय ते डोळ्याला दिसतं किंवा हाताला कळतं.

पहिला बघायला गेलो तो दिसायला झकास, कार्बनचा, चार सेक्शनचा (पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या), बॉल हेडवाला (हेड म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, इथे गोळ्यावर फिरणारा). हलका तर इतका की एका बोटावर उचलावा. मी कॅमेरा बरोबर घेऊनच गेलो होतो (हे कराच, विकणारा हसला तर हसूदे). सगळे पाय पूर्ण उघडले आणि शेवटचा सेक्शन बघितला तर करंगळीएवढा. इथेच खरी गोम असते. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ती वाकायला साधारण आठपट जड जाते, म्हणजे उलट बाजूने, जितकं बारीक होत जाल तितकं फार भराभर लेचंपेचं होतं. चार सेक्शन म्हणजे तीनपेक्षा एक बारीक नळी जास्त आणि एक सांधा जास्त. बॉल हेडचं तर विचारू नका, आरबीचा फोकस भाता (लेन्समागचा घड्यांचा भाग) पुढे सरकवून करायचा असतो, भाता पुढे गेला की लेन्सचं सगळं वजन पुढे, आणि बॉल जरासा ढिला केला की कॅमेरा नाक खाली करून धाडकन पडायला बघतो. दोनदा हाताने पकडला, घामच फुटला. तो माणूस म्हणाला, "सर, सेंटर कॉलम वर घेतला की अजून एक फूट उंची मिळेल." मिळेल ना, पण कॉलम म्हणजे मधला वर सरकणारा दांडा, म्हणजे तीन पायांवर एक पाय उभा करून त्याच्या टोकाला माझा कॅमेरा. नमस्कार करून निघालो.

दुसरा पर्याय जरा वेगळा, जमीन मोजणाऱ्यांची लाकडी तिपाई. हसू नका, एवढं भक्कम काही मी आजवर बघितलेलं नाही. त्यात सेंटर कॉलम ही भानगडच नाही आणि लाकूड थरथर पटकन गिळून टाकतं, जर्मनीत बेर्लेबाख कंपनी अजूनही ॲश लाकडाचे फोटोग्राफीचे ट्रायपॉड बनवते ते काही उगाच नाही. पण मोजणीच्या तिपाईवरचा बोल्ट ५/८ इंचाचा, इंचाला ११ आटे. आपल्याकडे ट्रायपॉडचं हेड बसतं ३/८ इंचावर, इंचाला १६ आटे, आणि कॅमेऱ्याच्या बुडाला १/४ नाहीतर ३/८. मधे ॲडॅप्टर लावता येतो, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की खाली टोकदार खिळे असतात, मातीत पाय रोवायला मस्त, गुळगुळीत फरशीवर मात्र तिन्ही पाय तीन दिशांना निघाले. माझं अर्धं काम घरात असतं. फक्त बाहेर शूट करणारे असाल तर मात्र जरूर विचार करा.

तिसरा मिळाला तो एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे. त्यांनी काम थांबवलंय, सामान काढत होते. कोपऱ्यात काळा, रंग उडालेला, तीन सेक्शनचा ॲल्युमिनियमचा मॅनफ्रोट्टो कंपनीचा ०५५ आणि त्यावर तीन दांड्यांचं मोठं ०२९ हेड. (अमेरिकेत हेच सामान बोगन नावाने विकलं जायचं, जुन्या मालात दोन्ही नावं आणि नंबर दिसतात, तेव्हा गोंधळू नका.) उचलला तर चार किलोच्या आसपास. काका म्हणाले, "घेऊन फिरशील का रे हे?" मी म्हटलं, "काका, कॅमेरा बघा ना माझा."

मग मी माझी परीक्षा सुरू केली. आधी कॅमेरा न लावताच पाय पूर्ण उघडून दोन्ही हात त्याच्या माथ्यावर ठेवले आणि सगळा भार टाकला, एकही लॉक सरकला नाही. मग हेड धरून पिळलं, जसं ओलं फडकं पिळतो तसं. हे पिळणं महत्त्वाचं, कारण वरून दाबून बरेच ट्रायपॉड पास होतात, पिळल्यावर मात्र सांध्यातला ढिलेपणा लगेच हाताला लागतो. इथे थोडी कुरकुर आली, एका पायाच्या लिव्हरमधून (नळी घट्ट करायची खिट्टी). मग तिन्ही पाय जिथे जुळतात तो ओतीव भाग मोबाईलच्या टॉर्चमधे सगळ्या बाजूंनी बघितला, कारण नळी बदलता येते, लिव्हर बदलता येते, पण इथे बारीकशी जरी चीर असेल तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं. प्रत्येक नळी खालीवर करून बघितली, पोचा असेल तर तिथे अडकते. नळ्यांवर पांढरी पूड नव्हती (खाऱ्या पाण्यात उभा केलेल्या ॲल्युमिनियमवर ती येते) आणि स्क्रूचे आटे शाबूत होते.

मग कॅमेरा लावायला गेलो तर प्लेटच नाही! त्या हेडला षटकोनी प्लेट लागते, कॅमेऱ्याच्या बुडाला लावून हेडमधे अडकवायची, ती हरवलेली. प्लेटशिवाय हेड म्हणजे किल्लीशिवाय कुलूप. मी जवळजवळ निघालोच होतो, पण काकांनी एक पत्र्याचा डबा काढला, त्यात खिळे, फ्युजा, संपलेले सेल आणि तळाशी ती प्लेट, वर कॉर्कसकट.

शेवटची परीक्षा खिडकीतून. समोरच्या छपराची कड फाइंडरच्या भिंगात आणली, फोकस केली आणि एका पायाला टिचकी मारली. माझ्या जुन्या ट्रायपॉडवर ती कड चांगली पाच आकडे मोजेपर्यंत नाचायची. इथे मी "एक" म्हणायच्या आत थांबली. सेंटर कॉलम दोन इंच वर घेऊन परत टिचकी मारली तर "तीन" पर्यंत गेली. म्हणजे तोच ट्रायपॉड, फक्त कॉलम वर. तेव्हापासून मी कॉलमला हातच लावत नाही.

आरबी घेणाऱ्यांसाठी एक सांगतो, नावातला आरबी म्हणजे रिव्हॉल्व्हिंग बॅक, मागचा भाग फिरवला की आडव्याचा उभा फोटो होतो, कॅमेरा तसाच सरळ. त्यामुळे कॅमेरा बाजूला आडवा पाडून वजन एका कडेला लटकवावं लागत नाही. पेंटॅक्स ६७ (तसाच ६×७ चा दुसरा कॅमेरा) वाल्यांना ही चैन नाही, त्यांनी हेड निवडताना कॅमेरा उभ्या फोटोसाठी बाजूला पाडून पण टिचकी मारून बघावी.

घरी आणल्यावर एक दुपार गेली. लिव्हरचे नट छोट्या पान्याने जरा जरा आवळले, एकदम आवळू नका, प्लास्टिकचा तुकडा असतो आत. नळ्या ओढून काढल्या, पुसल्या, आतून एवढी वाळू निघाली की काकांनी कुठे कुठे नेला असेल असं वाटलं. आणि एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती, हेड ज्या चकतीवर बसतं तिच्या खालून बारीक स्क्रू असतात, ते वर दाबून बसवले की हेड चकतीवरून सुटत नाही. माझे तिन्ही ढिले होते. पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) हेडचा वरचा भाग फिरण्याऐवजी अख्खं हेडच उलटं सुटत जायचं, आणि पावणेतीन किलो सुटत जाणं परवडत नाही बाबा.

वाऱ्यात बॅग खाली लटकवतात ना, ती मी पण लटकवली. बॅगच झोक्यासारखी हलायला लागली आणि तिच्याबरोबर कॅमेरा. आता बॅग जमिनीला टेकेल एवढी खाली सोडतो.

मग रोल टाकला. मुद्दाम सगळे १/१५ ते १/२ मधलेच, आरसा आधी वर घेऊन. आरबीत त्यासाठी लेन्सवरच केबल रिलीज (शटर दाबायची तार) लावायची, बॉडीचं बटण दाबलं की फक्त आरसा वर जातो, दोनतीन सेकंद थांबायचं आणि मग केबल दाबायची. १० पैकी ९ निगेटिव्ह लूपखाली अशा की वीट न वीट मोजावी. दहावी पूर्ण कोरी. ठक्क आवाज आला, मला वाटलं झाला फोटो, केबल दाबलीच नाही आणि फिल्म पुढे सरकवली.