फरशी निघेपर्यंत

गुरुवार, रात्री

किचन आणि लॉन्ड्री पूर्ण रिकामी हवी, असं किचनची जुनी, अ‍ॅस्बेस्टॉसची फरशी काढायला येणाऱ्यांनी सांगितलंय. शिवाय बाजूच्या खोलीतले पडदे, गालिचा, सोफ्याच्या उशा, थोडक्यात ज्याच्यात धूळ अडकून बसेल ते सगळं हलवायचं. देव्हारा किचनच्या कोपऱ्यातच असतो. आईने संध्याकाळी दिवा लावला, मग देव तबकात काढून तिच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळले. "गाडीत माझ्या मांडीवर राहतील," म्हणाली.

सिडनीच्या पश्चिम भागात १९५०-६०च्या दशकांतली अशी पुष्कळ घरं आहेत. इथे त्यांना 'फायब्रो' म्हणतात, कारण त्यांच्या भिंतीच मुळी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या तक्त्यांच्या असतात. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, ते तंतू श्वासातून आत गेले तर पुढे कर्करोग होऊ शकतो. घर घेतानाच्या तपासणीत ते कळलंच होतं. तक्ते धड आहेत, वर रंग आहे, त्यांना ड्रिल लावायचं नाही, मग ते आपल्या जागी राहू शकतात. पण डिशवॉशर गळला आणि किचनमधलं जुनं व्हिनाइल, म्हणजे जमिनीवरचं प्लास्टिकचं आच्छादन, फुगून कडेने उचललं गेलं. खाली करड्या पुठ्ठ्यासारखा थर दिसला. त्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला. क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस.

सिमेंटमध्ये हा तंतू घट्ट बसलेला असतो. त्या पुठ्ठ्यात तो नुसता दाबून बसवलेला असतो, बोटांनी चुरला तरी सुटतो. म्हणून हे काम 'अ' वर्गाचा परवाना असलेल्यांनीच करायचं, सरकारी खात्याला पाच दिवस आधी कळवायचं आणि आम्ही घरात थांबायचं नाही.

शनिवार

मैत्रिणीकडे आहोत. तिने आग्रहाने स्वतःची खोली दिली. देव तिच्या देवांशेजारी बसलेत.

झोप येत नाही. माझी धाकटी मुलगी रांगायला शिकली ती त्याच किचनमध्ये. तपासायला आलेल्या बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या हातातलं काम थांबवून माझ्याशी बोलल्या. वरचं व्हिनाइल अखंड होतं तोवर तंतू बाहेर यायचं कारण नव्हतं, उचललेली कड आम्ही लगेच ओल्या फडक्याने झाकून चिकटपट्टी लावली होती, हे बरं झालं, असं म्हणाल्या. डॉक्टरांनीही समजावलं. श्वासातून काही गेलं का हे सांगणारी तपासणी नाही, आणि एवढ्या थोड्या संपर्कातून धोका फार कमी. मेसोथेलिओमा हा बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तो वर यायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. एवढं कळूनही माझ्यातल्या आईचं मन हिशोब करतंच. धाकटी पन्नाशीची होईल तेव्हा मी कुठे असेन, असले विचार येतात.

मंगळवार

थोरलीची शाळेची बॅग राहिली होती म्हणून नवरा आणि मी घराजवळ गेलो. आत जायची सोय नव्हतीच. दारापासून प्लास्टिकचा जाड पडदा, आतली हवा सतत ओढून गाळणारं यंत्र, बाहेर पडण्याआधी कामगारांनी अंघोळ करायची बंदिस्त जागा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, तोंडावर घट्ट मुखवटे. थर ओला करून, खरवडून, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत भरत होते. आई गाडीतून बघत होती.

"अगं, आपल्या पडवीवर, गोठ्यावर हेच तर आहे."

खरंच आहे. चिपळूणकडे आमच्या घराला मंगलोरी कौलं होती. माकडांनी ती इतकी फोडली की बाबांनी सिमेंटचे पत्रे घातले. लोखंडी पत्रा खाऱ्या दमट हवेत गंजतो, उन्हात तापतो, पावसात कान फुटतात. सिमेंटचा त्यामानाने थंड, शांत आणि स्वस्त. वाडीतल्या प्रत्येकाने हाच विचार केला. त्यात तेच क्रिसोटाइल असतं. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे पत्रा अजून दुकानात मिळतो.

लहानपणी पत्रा करवतीने कापताना मी पाहिलंय. उघडा हात, डोक्याला टॉवेल, पांढरा भुगा पापण्यांवर. त्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री दादाला फोन केला. पावसाआधी गोठ्याचे पत्रे बदलायचं त्याच्या डोक्यात होतं. म्हटलं, दादा, जे धड आहेत त्यांना हातच लावू नको. फुटलेले तेवढे काढा. आधी पाणी मारून ओले करा, हूक सोडवून अख्खे उतरवा, हातोडा नको, करवत नको. कोरडा झाडू मारू नका. तुकडे वाटेच्या खड्ड्यात टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती तर अजिबात नको. त्यावरून गाड्या जाणार, पोरं चालणार. आणि त्या दिवशीचे कपडे वहिनीने झटकून धुवायचे नाहीत.

वहिनीचं मी मुद्दाम सांगितलं. नवऱ्यांचे कारखान्यातले कपडे धुतले, एवढ्यावरून जगभर किती बायकांना हा आजार झाला. आमच्या इथून जवळच, कॅमेलिया उपनगरातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेले बर्नी बँटन नाकात ऑक्सिजनची नळी लावून कामगारांच्या भरपाईसाठी लढत राहिले आणि २००७मध्ये मेसोथेलिओमानेच गेले. इथल्या कामगारांच्या अंगावर आज जो पांढरा पोशाख आहे, तो अशा माणसांच्या मरणानंतर आलाय. आपल्या पत्रेवाल्यांसाठी तेवढ्या मरणांची वाट बघायची, हे मला सहन होत नाही.

दादा आधी म्हणाला, "इतकी वर्षं त्याच्याखाली राहिलो की गं." मग बराच वेळ ऐकत राहिला.

शुक्रवार

घर राहायला सुरक्षित असल्याचा दाखला आला. काम करणाऱ्यांशी संबंध नसलेल्या तपासनिसाने तो द्यायचा असतो, हा नियम मला फार आवडला. हवेतले तंतू दर मिलिलिटरला ०.०१पेक्षा कमी, कोपऱ्यांत, कपाटांखाली कुठे कण नाही. उद्या परत जायचं. नवी फरशी पुढच्या आठवड्यात, तोवर स्वयंपाक बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर.

दादाचा मेसेज आलाय. गोठ्याचे फुटलेले दोन पत्रेच काढायचे ठरलंय. उतरवायला येणाऱ्या दोघांसाठी तो चिपळूणहून एन-९५ मास्क आणणार आहे. काढलेले पत्रे प्लास्टिकमध्ये बांधून कुठे द्यायचे, याचं उत्तर ग्रामपंचायतीकडे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहायचा अर्ज मी आज रात्री मराठीत करून पाठवते, त्यावर वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या तो घेईल.