तुम्ही विचारलंत म्हणून: जिम जॉयसच का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कधी मुलांच्या मॅचनंतर, कधी गणपतीच्या जेवणात ताट हातात धरून. "बेसबॉलचे एवढे अंपायर होऊन गेले, तुमचा आवडता जिम जॉयस कसा? तो तर चुकला म्हणूनच माहीत आहे लोकांना!" वर हसतात. आजवर मीही हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

चुकला, हो. 2 जून 2010, डेट्रॉइट. पिचर गलारागानं ओळीनं 26 जण आऊट केले होते. सत्ताविसावा गेला की पर्फेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही जण बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना, जो तोवरच्या साऱ्या इतिहासात 20 वेळाच झाला होता. चेंडू पहिल्या बेसवर आधी पोचला, धावणारा स्पष्ट मागे होता, म्हणजे आऊट; आणि तिथं जॉयसनं हात पसरले: सेफ, नाबाद. सामन्यानंतर चित्रफीत पाहून तो ढसाढसा रडला आणि चूक कबूल केली. तुमचं जॉयसपुराण इथं संपतं. त्याच महिन्यात खेळाडूंना विचारलं तेव्हा त्यांनी सर्वोत्तम अंपायर म्हणून त्याचंच नाव घेतलं, ते कोण सांगतं? 2013 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षकानं धावणाऱ्याची वाट अडवल्याचा निर्णय त्यानं क्षणात दिला, त्यावर अख्खा सामना संपला, आणि तो निर्णय बरोबर होता. तेही कुणी सांगत नाही.

पण खरं कारण हेही नाही.

न्यू जर्सीतलं आमच्या गावचं मैदान, शनिवार सकाळ, अकरा-बारा वर्षांची मुलं. शेवटची इनिंग, दोन आऊट, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला आमच्या ओळखीतल्या घरचा पोरगा. मी पहिल्या बेसजवळ, अंपायर. इथे उभा राहणारा चेंडू बघत नाही. डोळे बेसवर, कान ग्लव्हकडे: पाय आधी पडला तर सेफ, चेंडू आधी आला तर आऊट. चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे गेला, पोरगा जीव खाऊन पळाला. बेसवर पाय पडला, थड. मग ग्लव्हमध्ये चेंडू, टप्प. तोवर माझी मूठ वर गेली होती. आऊट!

हात वर जातानाच मला कळलं होतं. हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

समोरची मुलं उड्या मारत मैदानात आली. हा बेसच्या पुढे, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभा. नंतर पार्किंगमध्ये मी डिकीच्या कडेला बसून बुटातली लाल माती झटकत होतो, तर समोर आला.

"काका, मी सेफ होतो ना?"

"अगदी थोडक्यात गेलं रे," मी म्हणालो.

आता म्हणाल, निर्णय फिरवायचा होता. फिरवून बघा एकदा, दोन्हीकडचे आईबाप जाळीला चिकटलेले असताना! मोठ्या लीगमध्ये 2014 पासून असे निर्णय चित्रफितीवर तपासतात. आम्ही काय तपासणार, कुणाच्या तरी आजीचा मोबाईल?

हे सगळं खरं आहे. पण पार्किंगमध्ये आईबाप नव्हते, तो एकटा होता.

त्याआधी मीच पार्ट्यांमध्ये तावातावानं सांगायचो, चुकलं की मान्य करावं, जॉयससारखं. किती सोपं वाटायचं तेव्हा! अरे, त्याला टीव्हीनं दाखवली होती चूक. माझ्याकडे होते दोन आवाज, तेही फक्त मीच ऐकलेले. कबूल करायला पुरावा लागतो का? कधी वाटतं लागतो, कधी स्वतःचीच लाज वाटते.

डेट्रॉइटच्या त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता येत असूनही जॉयस होम प्लेटमागे, मुख्य अंपायरच्या जागी, उभा राहिला. संघाची यादी द्यायला गलारागालाच पाठवलं होतं. जॉयसनं डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि सामना सुरू केला. पुढच्या शनिवारी मी पाठदुखीचं कारण सांगून घरी बसलो.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. यंदा आरतीला भेटला, वाकून नमस्कार केला.

"काका, अजून अंपायरिंग करता?"

"करतो."

त्यानं प्रसादाची वाटी माझ्यापुढे धरली.