‘बॅकअप घेतलाय ना सर?’

“साइट उघडते दादा, पण पैसे भरायला गेलं की पान अडकतं. सकाळपासून तिघांचे फोन आले.”

शनिवार, २६ एप्रिल २०२५. सकाळचे सात वीस. अक्षय्य तृतीया बुधवारी होती, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पेट्या फार तर सोमवारी निघायला हव्या होत्या. फोन देवगडजवळच्या एका हापूस बागायतदारांच्या सुनेचा. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांची साइट सहा वर्षं मी कोल्हापुरातून सांभाळतोय. जूननंतर त्या साइटवर चिटपाखरू फिरकत नाही आणि एप्रिलमध्ये तिला श्वास घ्यायला वेळ नसतो. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेताना मी हे पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं, हे आज लिहिताना अजून टोचतं.

साइट चालू आहे की नाही हे बघायला मी एक पहारेकरी सेवा लावली आहे. दर पाच मिनिटांनी ती पहिलं पान उघडून बघते. तिच्याकडे रात्रभर सगळं हिरवं होतं, आणि त्यात तिची चूक नव्हती. पहिलं पान कॅशमधून, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या प्रतीतून, तयार मिळतं, त्यासाठी पान बनवणारं पीएचपी चालावं लागत नाही. पत्ता आणि पैसे भरायचं पान मात्र प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नव्याने तयार होतं, आणि तिथे ५०८ हा एरर येत होता: रिसोर्स लिमिट इज रीच्ड, म्हणजे ठरवून दिलेली मर्यादा संपली. दुकानाची पाटी झगमगत होती आणि गल्ल्यापाशी कुलूप होतं.

ही मर्यादा कुठून येते ते सांगतो, कारण जाहिरातीत ती कुठेच नसते. जागा अमर्याद, बँडविड्थ अमर्याद, ईमेल अमर्याद, असं सगळं ठळक छापतात. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात. एकीने सगळ्यांचा घास गिळू नये म्हणून प्रत्येकीला मर्यादा घातलेली असते, आणि ते योग्यच आहे. त्यातली एक मर्यादा म्हणजे एंट्री प्रोसेस, एका क्षणी किती विनंत्या आत शिरू शकतात तो आकडा. आमच्या प्लॅनला २० होता. पैसे भरायचं पान चार-पाच सेकंद एक जागा अडवून बसतं. शनिवारी सकाळी एकाच वेळी तीस माणसं आली की उरलेल्या दहांना दार बंद. कंपनी वर्षभर ‘९९.९ टक्के अपटाइम’ सांगते, म्हणजे एवढा वेळ सर्व्हर चालू. त्या हिशेबात महिन्याला ४३ मिनिटं बंद चालतं, पण आमची ही सकाळ त्या ४३ मिनिटांतही धरली जात नाही, कारण सर्व्हर चालूच होता. आणि धरली असती तरी भरपाई महिन्याच्या भाड्यातूनच मिळते. आमचं भाडं महिन्याला तीनशे रुपये.

होस्टिंग कंपनीच्या चॅटवर जो मुलगा होता त्याने पहिल्या दोन मिनिटांत मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं. मी पैसे भरले. मग त्याने विचारलं, “अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवर हलवावं लागेल. बॅकअप घेतलाय ना सर?”

मी साइटला जोडलेल्या बॅकअपच्या प्लगिनच्या पानावर नजर टाकली. रोजचा बॅकअप, पहाटे तीन, हिरवी खूण. मी ‘हो’ लिहिलं.

स्थलांतर अर्ध्यात तुटलं. फाइल्स आल्या, फोटो आले, डेटाबेसमध्ये मात्र ऑर्डरचं टेबल रिकामं. जुन्या सर्व्हरवरचं अकाउंट तोवर त्यांच्या यंत्रणेने आपोआप पुसलं होतं. प्रत पडताळण्याआधी मूळ पुसणारी व्यवस्था कोणी आणि का लिहिली असेल? कारकुनीचं काम करणारा माणूससुद्धा असं करणार नाही. त्या मुलावर माझा राग नाही. त्याने विचारायचं ते विचारलं होतं.

मग त्यांच्या ‘रोजच्या मोफत बॅकअप’कडे वळलो. उत्तर यायला पावणेदोन तास लागले: एक लाखाहून जास्त इनोड असलेल्या अकाउंटचा बॅकअप घेतला जात नाही, अटींमध्ये नमूद आहे. इनोड म्हणजे ढोबळमानाने फाइल्सची संख्या. आमच्या १,८३,००० होत्या. एवढ्या कुठून आल्या ते मी त्याच दुपारी बसून मोजलं. साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस एका फोटोच्या सहा-सात आकारांच्या प्रती करून ठेवतं, ते माहीत होतं. पण निम्म्याहून जास्त फाइल्स ईमेलच्या निघाल्या. मेल त्याच होस्टिंगवर होता आणि तिथे प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल असते. सहा वर्षांच्या ‘ऑर्डर मिळाली’ पत्रांनी आम्हाला बॅकअपच्या यादीतून गुपचूप बाहेर काढलं होतं. त्याची एक ओळीची सूचनाही कधी आली नाही.

आणि माझी हिरवी खूण? प्लगिन रोज पहाटे प्रत काढत होतं हे खरं. ती प्रत गुगल ड्राइव्हवर जायला हवी होती. ड्राइव्हची परवानगी सहा दिवसांपूर्वी संपली होती, म्हणून प्रती त्याच सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये साठत होत्या. अर्ध्यात तुटलेल्या स्थलांतरात त्या आल्याच नाहीत, आणि जुन्या सर्व्हरबरोबर त्याही गेल्या. ड्राइव्हवरची शेवटची प्रत २० एप्रिलची.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं होतं. एसबीजी-२ ही अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांचं सगळंच गेलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवा’ असं भलंमोठं मीच लिहिलं होतं.

सहा दिवसांच्या ऑर्डरी गेल्या हे वहिनींना सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. मागून तात्यांचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा आवाज आला. “बंद पडला म्हणजे काय? आंबो काय तुमच्यासाठी थांबतलो?” वहिनींनी मात्र शांतपणे विचारलं, “माझी वही चालेल का?”

त्यांनी व्हॉट्सॅपवर एकेक पान पाठवलं. लांबट हिशेबाची वही, लाल कापडी पाठीची. प्रत्येक ऑर्डरचा मेल आला की त्या हाताने उतरवून घेत: नाव, गाव, किती डझन, कच्चा की तयार, पैसे आले की यायचे. कडेला आंब्याच्या चिकाचे तपकिरी डाग, आणि पेटी गाडीत चढली की त्या ओळीवर निळ्या शाईची तिरकी रेघ. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना म्हणालो होतो की आता हे लिहायची गरज नाही, सगळं साइटवर असतं. बरं झालं त्यांनी ऐकलं नाही. वही आणि त्यांच्या फोनमधले मेल असं समोरासमोर ठेवून आम्ही रात्री नऊपर्यंत ६१ ऑर्डरी जुळवल्या.

त्या होस्टिंगवर परत काही उभं करायची माझी इच्छा नव्हती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, पहिल्यापासून बागायतदारांच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतंत्र ठिकाणी नोंदवलेलं होतं, म्हणून त्याच रात्री निघता आलं. होस्टिंगबरोबर फुकट मिळतं म्हणून डोमेनही तिथेच घेणाऱ्यांना अशा रात्री आधी त्याच कंपनीकडे हात जोडावे लागतात.

रात्री अकराला मी तीन कंपन्यांच्या विक्री विभागाला एकच मजकूर पाठवला: एंट्री प्रोसेस किती, इनोड किती, कितव्या इनोडनंतर बॅकअप बंद होतो, आणि कालचा फक्त डेटाबेस परत हवा असेल तर तो कोण आणि किती वेळात देतं. एकीने पहिल्या तिन्ही प्रश्नांना ‘अनलिमिटेड’ लिहिलं. दुसरीने सकाळी फोन करतो म्हणून सांगितलं. तिसरीने चार आकडे दिले आणि अटींमधलं कलमही दाखवलं. भाडं जवळजवळ तिप्पट, सर्व्हर मुंबईत. मी एकाच महिन्याचे पैसे भरले. तीन वर्षांचे एकदम भरले की दर आकर्षक दिसतो, पण नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होतो, आणि मधल्या काळात सोडून जायचं धैर्य होत नाही. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतःपुरता वेगळा भाग, घ्यावं असं एका मित्राने सुचवलं. पण व्हीपीएसचे सुरक्षा अपडेट रात्री-अपरात्री करणारं माणूस लागतं, आणि इथे ते माणूस मी एकटाच.

आंब्याची साइट चढवायच्या आधी तिथे एक रिकामं वर्डप्रेस टाकलं. रात्री साडेअकराला बसवलं, त्यांचा बारा वाजताचा बॅकअप होऊ दिला, मग एक टेबल मुद्दाम उडवलं आणि परत मागितलं. चाळीस मिनिटांत आलं. नुसतं आलं नाही, तर समोरच्या मुलीने सांगितलं की आधीची स्थिती वेगळ्या नावाने ठेवली आहे, तुम्ही बघून सांगाल तेव्हाच काढू. हे वाचून मला हायसं वाटलं. मग २० तारखेची प्रत चढवली, फक्त मला नवी साइट दिसावी म्हणून माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी (पत्ता) लिहून सगळी पानं तपासली, पहाटे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बदललं. टीटीएल, म्हणजे ती नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा, १४४०० वरच होता, म्हणजे काही गिऱ्हाईकांना चार तास जुनाच पत्ता दिसणार. तो आदल्या दुपारीच ३०० वर आणायला हवा होता. मेल दुसऱ्याच सेवेकडे नेला. रविवारी सकाळी दहाला पहिली नवी ऑर्डर आली, चार डझन, ठाणे.

उरल्या त्या नऊ ऑर्डरी. शनिवारी सकाळी ज्यांचे पैसे पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेला, पोहोचले, पण परत येताना साइटचं दार बंद होतं. गेटवेची खबर साइटपर्यंत आलीच नाही, म्हणून मेल निघाला नाही, म्हणून वहीतही ओळ नाही. पत्ते फक्त त्या हरवलेल्या टेबलात होते. हाती फक्त फोन नंबर आणि रक्कम. वहिनींनी रविवारभर एकेकाला फोन केला. आठजण सापडले, दोघांनी तर उलट यांनाच धीर दिला.

नववा नंबर बंद लागत होता. सोमवारी संध्याकाळी शेवटची गाडी भरेपर्यंत त्यांनी एक पेटी बाजूला ठेवली होती. मंगळवारी आम्ही पैसे परत पाठवले. वहीत ती ओळ आहे: नंबर, रक्कम, आणि नावाच्या जागी काहीच नाही. त्यावर निळी रेघ नाही.