ठोकताना मी गप आसतो

गुरुवार, रात्री पावणेबारा

पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

मानवशास्त्राची तीन दिवसांची परिषद आजपासून कोल्हापुरात सुरू झाली. विषय कारागिरी आणि हाताचं ज्ञान. बाकीच्या स्वयंसेवकांच्या वाट्याला नावनोंदणी, पिशव्या आणि जेवणाची कुपनं आली, आम्हा पाच जणांच्या वाट्याला पॉडकास्ट. सहा भाग, प्रत्येकी पंधरा मिनिटं. सामान म्हणजे हातात मावणारा एक रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, सरांचा जुना लॅपटॉप आणि आमच्यातल्या जयसिंगपूरकराचा हेडफोन. त्याचा डावा कान वायर एका ठरावीक कोनात धरली तरच बोलतो.

तर या रेकॉर्डरवरचं लाल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. म्हणजे तो तयार आहे, ऐकतोय, पण लिहून काही घेत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि आकडे पळायला लागतात. मी एकदाच दाबलं. हेडफोनमध्ये आवाज छान येत होता, त्यामुळे शंकासुद्धा आली नाही. समोर बाहेरगावच्या एक ज्येष्ठ बाई होत्या, तीस-पस्तीस वर्षं विणकरांच्या गावात जाऊन काम केलेल्या. चाळीस मिनिटं बोलल्या. मधे त्यांनी त्या गावातल्या पहिल्या महिन्याची एक गोष्ट सांगितली, तेव्हा मला इतकं हसू आलं की रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबून बसले. कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये, हे नंतर कळलं.

सांगायला गेले तेव्हा पाय लटपटत होते. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "श्रीनिवासांचं माहीत आहे ना?" नाव माहीत होतं, ते परीक्षेपुरतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले, खेड्याला त्यांनी रामपुरा असं नाव दिलं. पुढे अठरा वर्षं त्या नोंदी लावत, जुळवत बसले. १९७० च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्या अभ्यासिकेच्या इमारतीला कुणीतरी आग लावली आणि त्या लावलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या. मग त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं. "तुझी तर चाळीस मिनिटंच गेली," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

दुसऱ्यांदा बारा मिनिटं झाली. खरं सांगायचं तर जास्त चांगली झाली, नेमकी, एकही वाक्य वाकडं नाही. पण ती हसवणारी गोष्ट आली नाही. मीच आठवण करून दिली तर म्हणाल्या, "ते नको गं, उगाच."

ती गोष्ट मी इथेही लिहीत नाही. नको म्हणाल्या ना.

शुक्रवार

कालच्या उद्घाटनाच्या पहिल्या तासात इरावती कर्व्यांचं नाव चार वेळा आलं, मी मोजलं. त्यानंतर चहापर्यंत सगळं इंग्रजीत.

आज एक युक्ती सापडली. रेकॉर्डर सुरू झाला की माणसं निबंध वाचल्यासारखी बोलायला लागतात. आदल्या क्षणापर्यंत हातवारे करून भांडणारा माणूस एकदम "या संदर्भात असे म्हणता येईल की" वर येतो. पण आवाजाची पातळी बघायला आम्ही विचारतो, "सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?" तेव्हा सगळे खरं बोलतात. कुणाला मिसळीचा कट झोंबला, कुणी दुसऱ्यांदा पाव मागवला, एका सरांनी तर गुऱ्हाळावर जाऊन गरम गूळ चाटल्याचं तीन मिनिटं वर्णन केलं. नंतरच्या मुलाखतीत त्या तीन मिनिटांच्या तोडीचं काही नव्हतं. जयसिंगपूरकर म्हणतोय, नुसत्या नाश्त्यांचाच एक भाग काढूया. सर नाही म्हणणार हे माहीत असूनही मी फाइली जपून ठेवल्यात.

दुपारी माझीच पाळी आली. पहिल्या भागाची प्रस्तावना माझ्या आवाजात. मी म्हणाले, "चला, मी तुम्हाला या परिषदेत घेऊन जातो." शेजारी पुण्याहून आलेली एक संशोधक मुलगी होती. ती गोड हसून म्हणाली, "जाते ना?"

आमच्याकडे बायका "मी येतो, मी जातो, मी केलो" असंच बोलतात. आई तसं बोलते, आजी तसं बोलायची, घरी फोनवर मीही तसंच. लिहायला बसलं की मात्र हात आपोआप "गेले, केले" लिहितो, शाळेनं ते पक्कं बसवलंय. माइकसमोर कुठलं यायला हवं याचा विचारच केला नव्हता. मग "जाते" म्हणून घेतलं. सात वेळा. सातव्याला बरं आलं, म्हणजे बातम्यांसारखं आलं.

जेवताना एक सर ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाबद्दल सांगत होते. बोलीबोलीचा नमुना जमवायला एकच गोष्ट ठरवली होती, बायबलातली उडाऊ मुलाची. ती त्या त्या बोलीत उतरवून घ्यायची, म्हणजे गोष्ट तीच आणि तोंडं वेगळी. तेव्हाही उतरवून घेणाऱ्या एखाद्या कारकुनानं कुणाला "असं नाही, असं म्हण" केलं असेल का? हे विचारायचं मनात होतं, तेवढ्यात कुणीतरी सरांना सोलकढीबद्दल विचारलं.

शनिवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

चौथा भाग चपलांवर. परिषदेच्या अंगणात एक कारागीर मामा बसवले होते, समोर रापी, आरी, कातड्याचे तुकडे. पाहुणे मंडळी गोल करून उभी. दर चौथा माणूस मिलानचं विचारत होता. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मोठ्या कंपनीच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारखी चप्पल झळकली आणि आधी कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, ते प्रकरण. मामा पहिल्या दोघांशी बोलले, तिसऱ्याला म्हणाले, "मी काय तिकडं गेलो न्हवतो." भौगोलिक मानांकनाचंही तसंच. २०१९ ला मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. हे सगळं विचारणाऱ्यालाच जास्त माहीत होतं. मामा माना डोलवत होते आणि हात चालू होता.

गर्दीत रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. म्हणून संध्याकाळी मी आणि जयसिंगपूरकर सुभाषनगरात त्यांच्या घरी गेलो. पंखा बंद करायला लावला, कुकरच्या शिट्टीची वाट बघितली. संमतीचा कागद पुढे केला. तो आम्ही इंग्रजीवरून मराठीत आणलेला, "सदर ध्वनिमुद्रणाचा वापर शैक्षणिक प्रयोजनार्थ" वगैरे. मामांनी सही केली आणि विचारलं, "मला कधी ऐकाय मिळणार?" कागदावर त्याला रकाना नव्हता. मी म्हणाले, आणतो की मामा. (जातो, आणतो. तिथे कुणी सुधारलं नाही.)

मग ते बोलले. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कसं कमवतात, म्हशीचं कुठं वापरायचं, पातळ कुठं. जुन्या पद्धतीच्या चपलेला खिळा नसतो, कातड्याच्याच वादीनं शिवायची. पट्ट्यावरची वेणी त्यांची बायको घालते, त्या आतल्या खोलीतून मधेच म्हणाल्या, "माझं कोण ईचारतंय!" आम्ही माइक तिकडे नेला तर लाजून गप्प.

बोलता बोलता मामा ठोकत होते. वाक्य अर्धं सोडायचं, तळाचा तुकडा दगडावर ठेवायचा, आठ-दहा घाव घालायचे, बोटानं चाचपायचं, पुन्हा दोन घाव, आणि मग वाक्य जिथं सोडलं तिथून उचलायचं. शब्दसुद्धा चुकत नव्हता. इकडे माझ्या रेकॉर्डरचं मीटर प्रत्येक घावाला लाल. आवाज वाढवला तर घाव फुटतात, कमी केला तर मामा पुटपुटल्यासारखे. शेवटी मामांच्या सदऱ्याला कॉलर माइक लावला आणि रेकॉर्डर लांब उंबऱ्यावर ठेवला.

उठताना मी बटण दोनदा दाबलं होतं ना ते तिसऱ्यांदा तपासलं. दाबलं होतं.

रविवार

पाहुणे गेले. हॉलमध्ये झेंडूच्या माळा आणि उरलेल्या पिशव्या. आम्ही लॅपटॉपला चिकटून.

मामांचं रेकॉर्डिंग बेचाळीस मिनिटं. जे बोलणं ठेवायचं ते निवडलं तर बावीस. बावीसचे पंधरा करायचे. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे, शांतता आपोआप छाटायची. ठरवून दिलेल्या वेळेहून लांब प्रत्येक मोकळी जागा ती आखडून टाकते. घाव मी हातानं काढले, कारण काही फुटले होते आणि बाकीचे "डिस्टर्ब करतात" असं सगळ्यांचं मत पडलं. खोकलाही काढला. "अं" काढले. अर्धी सोडलेली वाक्यं उरलेल्या अर्ध्यांना जोडली. तीन तासांत तेरा मिनिटं चाळीस सेकंद. ऐकलं तर मामा घडाघडा बोलतायत, कुठं अडखळणं नाही. सर खूश. "प्रोफेशनल झालंय," म्हणाले. मलाही वाटलं, झालंय.

बुधवार, रात्री

आज दिलेला शब्द पाळायला सुभाषनगरात गेले, एकटीच. मामांना इअरफोन दिला. त्यांनी एकच कानात घातला, दुसरा मामींच्या हातात. मामा भिंतीकडे बघत ऐकत होते, मी त्यांच्या तोंडाकडे. मामी दोनदा हसल्या. तेरा मिनिटं चाळीस सेकंद किती लांब असतात ते कळलं.

काढून ठेवला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पर ह्यो मी न्हवं."

मी म्हटलं, आवाज तुमचाच आहे की.

"आवाज माझाच हाय. पर मी आसा सलग कवा बोलतोय? ठोकताना मी गप आसतो. कातडं आयकाय लागतंय, बसलंय का न्हाई ते. तू मला रेडिओवाला केलायस की गं पोरी."

चिडून नाही, अगदी सहज म्हणाले. मामी म्हणाल्या, माझं "कोण ईचारतंय" पण काढलंस काय? काढलं होतं. आवाज लांबून आल्यामुळे पातळी जुळत नव्हती.

चहा झाला. मामांनी तळाचा एक तुकडा माझ्या कानाजवळ धरून वाजवला, मग दुसरा. पहिल्याचा आवाज थोडा पोकळ, दुसऱ्याचा भरीव. पहिला अजून बसला नव्हता. म्हणजे आम्ही ज्याला "डिस्टर्ब" म्हणून फेकत होतो, त्यावर त्यांचं काम चालतं. चार महिने "हाताचं ज्ञान" या विषयाची पोस्टरं चिकटवणारी मी, आणि ते ज्ञान कानात होतं तर डिलीट दाबून मोकळी झाले.

केएमटीच्या बसमध्ये बसून बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आठवली. १८९० साली जेसी फ्यूक्स नावाचा माणूस एडिसनचा फोनोग्राफ घेऊन अमेरिकेतल्या पॅसामक्वॉडी लोकांकडे गेला होता. मेणाच्या एका नळीवर दोन-तीन मिनिटंच मावायची. त्याला कुणाचं गप्प बसणं परवडणारं नव्हतं. माझ्या कार्डावर तीसेक तास मावतात.

शुक्रवार

कालची रात्र आणि आजची दुपार परत कापाकापीत गेली. या वेळी उलटी. मूळ फाइल उघडली, घाव परत आणले. फुटलेले होते तिथे उंबऱ्यावरच्या रेकॉर्डरचा आवाज घातला, तो लांबून येतो पण स्वच्छ आहे. एका ठिकाणी सलग एकोणीस सेकंद नुसतं ठोकणं आणि मधे बोटानं चाचपताना काहीच नाही. तिथे हेडफोन लावून बसलं की आपोआप श्वास रोखला जातो, जयसिंगपूरकराचाही गेला. खोकला एक ठेवला. मामींचं वाक्य ठेवलं, पातळी गेली खड्ड्यात.

आता वेळ कुठून आणायची? मामांचं आणखी काही काढवेना. उरली माझी प्रस्तावना. एक मिनिट पन्नास सेकंद होती, त्यात कोल्हापुरी चपलेचा इतिहास, मानांकन, मिलान, आठ जिल्हे, सगळं "जाते, पाहणार आहोत" मध्ये. सगळी उडवली. त्या जागी एक वाक्य हवं होतं. हॉस्टेलवर दार लावून, डोक्यावरून रजई घेऊन फोनवरच म्हणून टाकलं, एका दमात, "सुभाषनगरात एक मामा चपला करतात, त्यांच्याकडं मी तुम्हाला घेऊन जातो." रूममेट गडहिंग्लजची आहे. तिला त्यात काहीच खटकलं नाही. मी तरी दोनदा विचारलं.

तरी सोळा मिनिटं पाच सेकंद झाली. सरांना पाठवलं, वर लिहिलं की पासष्ट सेकंद जास्त आहेत आणि ते कशाचे आहेत. उत्तर अजून नाही. बहुतेक सोमवारी बोलणी खायची आहेत.

मामांच्या नातवाच्या नंबरवरही फाइल टाकली होती. रात्री नवाला तिकडून व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. पहिले सात सेकंद नुसता टीव्हीचा आवाज, कुणीतरी "दाबलंस का? दाबलंस का?" म्हणतंय. मग मामा, "आयकलं गं. आता बराय."